मुरबाडकडची छोटी ऑफरोड वाट, ओढ्याचे तीन उतार: जिम्नीला स्नॉर्कल लावू का?

खाडीकाठची (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका दिवसाचा बेत आहे. सरळगाव सोडून टोकावड्याच्या दिशेने गेलं की हायवेवरून आत कच्चा रस्ता, पुढे साधारण साडेचार किलोमीटर बैलगाडीची वाट. या वाटेत काळू नदीला मिळणारा एक ओढा तीन उतारांवर, म्हणजे गाडी पाण्यातून घालायच्या तीन जागी, ओलांडावा लागतो. सॅटेलाइटच्या चित्रात पात्र तीस-चाळीस फूट रुंद दिसतं. खोली अर्थातच कळत नाही.

गाड्या दोन. माझी मारुतीची पाच दारी जिम्नी, मॅन्युअल, टायर कंपनीचेच १९५/८० आर १५, सस्पेन्शनला हात लावलेला नाही. सोबत महिंद्राची डिझेल थार, २०२० नंतरची, तीही जशीच्या तशी.

ठाण्यातल्या एका ॲक्सेसरीजवाल्याचं म्हणणं, स्नॉर्कलशिवाय (इंजिनाची हवा छपराच्या उंचीवरून घेणारी नळी) गाडी पाण्यात घालूच नका. थारवाला म्हणतो त्याच्या गाडीला ६५० मिमी पाणी चालतं, म्हणून तो पुढे आणि मी त्याच्या चाकोरीतून मागे. तर विचारायचं ते असं: स्नॉर्कल खरंच लागतो का? फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) की फोर-एल (चारही चाकांना, कमी वेग आणि जास्त ताकद), गिअर कितवा? हवा किती ठेवायची? दोर कुठला घ्यायचा? आणि निघण्याआधी गाडीखाली काय तपासायचं?

---

गोटेवाट

ताई, स्नॉर्कलचे पैसे तूर्त राहू द्या. स्नॉर्कल इंजिनात पाणी जाऊ देत नाही, पण गाडी वाहून जायची थांबवत नाही. नोव्हेंबरच्या ओढ्यात धोका कुठला असेल तर तळाचा आणि प्रवाहाचा.

थारचे ६५० मिमी हा आकडा खरा आहे, पण तो संथ पाण्यातला, सपाट तळावरचा. वाहत्या पाण्यात त्या भरवशावर उतरू नका. हिशोब करून बघा. जिम्नीचं वजन साधारण १२०० किलो. फरशी जमिनीपासून अंदाजे ४० सेंमी वर (आपली आपण टेपने मोजा, उंबऱ्याखालून). फरशीचं क्षेत्रफळ ढोबळ पाच चौरस मीटर धरा. पाणी ६० सेंमी झालं तर फरशीच्या वर २० सेंमी, म्हणजे गाडीने एक हजार लिटर पाणी बाजूला सारलं. दारं घट्ट असतील तर गाडीला हजार किलोची उचल मिळाली. चाकांवर उरले दोनशे किलो. दोनशे किलोच्या गाडीला शेवाळलेल्या गोट्यांवर पकड कुठून येणार?

आता बाजूने येणारा धक्का. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ३५ सेंमी पाण्यात, सेकंदाला एक मीटर वेग असेल तर जिम्नीच्या अंगावर साधारण तीस किलोचा जोर, कळतही नाही. तेच पाणी ६० सेंमी आणि वेग दोन मीटर झाला की जोर तीनशे किलोच्या घरात जातो, आणि गाडी तर आधीच हलकी झालेली.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठाने दहा मीटर पावलांनी मोजा, वरच्या टोकाला वाळकी काटकी टाका, सेकंद मोजा. दहा सेकंद म्हणजे एक मीटर. पाच सेकंदांत पोचली तर गाडी वळवा.

खोली पायाने मोजायची. तुमच्या टायरचा व्यास ६९ सेंमी, म्हणजे हबचा (चाकाच्या तुंब्याचा) मध्य जमिनीपासून साधारण ३४ सेंमी. वाहत्या पाण्यात स्टॉक (काही बदल न केलेल्या) गाडीची मर्यादा मी तीच धरतो: अर्ध्या नडगीच्या वर, गुडघ्याच्या बरंच खाली. पाणी गुडघ्याला लागलं आणि काठी टेकवूनही पाय सरकत असेल तर निर्णय झालाच.

उतार कसा ओळखायचा? जिथे पात्र पसरलंय आणि पाणी खळाळतंय, तिथे ते उथळ. जिथे काळं, गप्प, गुळगुळीत दिसतं तिथे डोह. वळणावर बाहेरचा काठ खोल आणि पोखरलेला, आतल्या बाजूला गोट्यांची पसर. खळाळाची रेघ बहुतेक वेळा पात्राला तिरकी असते, म्हणून उतारही तिरका निघतो. तुमची दिशा प्रवाहाबरोबर थोडी खाली उतरणारी असेल तर उत्तम. नाक प्रवाहाकडे करून चढत जाऊ नका, पाणी बॉनेटवर येतं.

एक गोष्ट लोक पाहतच नाहीत: उताराच्या खालच्या अंगाला काय आहे. पुढे पन्नास फूट उथळ गोटे असतील तर गाडी सरकली तरी अडकून थांबेल. लगेच डोह किंवा धबधब्याची पायरी असेल तर पाणी घोट्याएवढं असलं तरी तो उतार सोडा.

---

पाना_नंबर_चौदा (रबाळे)

गोटेवाटशी सहमत. यंत्राची बाजू मी लिहितो.

पहिलं म्हणजे, तुमच्या गाडीत हवा कुठून आत जाते ते बॉनेट उघडून स्वतः बघा. एअर फिल्टरच्या डब्यापासून नळी उलट दिशेने धरत जा, तिचं तोंड जिथे उघडतं ती तुमची खरी रेषा. फिल्टरच्या डब्याच्या तळाला पाणी निथळायला भोक किंवा रबरी चोच असते, ती फाटलेली नाही ना पाहा. स्नॉर्कल लावणारे बरेच जण हे भोक तसंच सोडतात. मग वर नळी छपरापर्यंत आणि खाली पाणी डब्यातून इंजिनात.

सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पाण्यात धाडकन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. चावी बंद, गाडी बाहेर ओढा, पेट्रोलला स्पार्क प्लग काढा (डिझेलला इंजेक्टर किंवा ग्लो प्लग), फिल्टर ओला आहे का बघा, मगच स्टार्टरने इंजिन फिरवा. क्लच चुकून गाडी बंद पडली आणि पाणी हवेच्या तोंडाच्या बरंच खाली असेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा न्यूट्रल करून स्टार्ट करायला हरकत नाही. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं कलम जोडलेलं आहे का तेही पाहून ठेवा. साध्या पॉलिसीत असं नुकसान सहसा बसत नाही.

यापेक्षा जास्त वेळा बिघडतं ते डिफ (डिफरन्शियल, ॲक्सलवरचा गिअरांचा तेल भरलेला गोळा), आणि तेही गाडी मस्त चालत असताना, कुणाच्या लक्षातही न येता. हायवेवरून आलेला डिफ गरम असतो. थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि कुठून तरी आत ओढून घेते. ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची नळी) मोकळा असेल तर हवा घेते, चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलमधून पाणी. म्हणून तपासणी अशी: ॲक्सलच्या वरच्या बाजूला छोटी तोटी दिसेल, तिथून रबरी नळी वर जाते. नळी निसटलेली, चिरलेली, दुमडलेली नाही ना? टोकाची टोपी बोटाने हलते का? पुढचा डिफ, मागचा डिफ, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी), गिअरबॉक्स, सगळ्यांचे ब्रीदर बघायचे. आणि ओढ्याशी पोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नका. पायी पाहणी करायला जी पंधरा-वीस मिनिटं लागतात त्यात डिफ निवतो, हा पाहणीचा फुकटचा फायदा.

गिअर: फोर-एल, आणि काठावरच टाका. जिम्नीत टू-एच (फक्त मागच्या चाकांना जोर) ते फोर-एच चालत्या गाडीत होतं, फोर-एलसाठी थांबून क्लच दाबावा लागतो. मोठे गोटे असतील तर पहिला, बारीक खडी-वाळू असेल तर दुसरा. पाण्यात क्लचला पाय लावायचा नाही. गिअर बदलायला क्लच दाबला की गाडी थांबते, थांबली की चाकाखालची खडी पाणी उपसून नेतं आणि चाक खाली बसतं. हाफ क्लच तर नाहीच. वेग माणसाच्या चालीचा. बंपरपुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनपाशी पाणी थोडं खाली राहतं, त्या लाटेच्या मागे-मागे चालायचं.

एखादं चाक फिरायला लागलं तर पाय उचलू नका. जिम्नीला डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र बांधणारी सोय) नाही, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ती जोर दुसरीकडे देते. त्याला सेकंद-दोन सेकंद लागतात. एक्सलरेटर स्थिर धरा, कटकट आवाज येईल, येऊ द्या.

हवा: दरवाजावरच्या स्टिकरचा आकडा लिहून ठेवा. गोट्यांसाठी १८ ते २० पीएसआय. त्याखाली नको. आपल्याकडचा बसाल्ट फुटला की धार धरतो, आणि फुगलेली साइडवॉल त्या धारेवर कापते. साध्या रिमवर १५च्या खाली तिरक्या जोराने टायर रिमवरून उतरण्याचीही भीती. कमी हवेत ताशी तीसच्या वर जाऊ नका, डांबराला लागण्याआधी भरा. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर चालतो, पण सिगरेट सॉकेटवाल्याने चार टायर भरताना फ्यूज उडू शकतो. बॅटरीला चिमटे लावणारा घ्या.

---

धुरळा_ठाणे

एवढं काय मोजमाप? तिसऱ्यात टाका, पाणी उडवत निघा. वेगात गाडी रुततच नाही.

---

पाना_नंबर_चौदा (रबाळे)

धुरळाभाऊ, वाळूच्या सुक्या पट्ट्यात तुमचं बरोबर आहे. पाण्यात उडालेलं पाणी हवेच्या तोंडात, अल्टरनेटरवर आणि कॉइलवर जातं, पट्ट्यावर फिरणारा पंखा असेल तर पाणी कापताना त्याची पाती वाकून रेडिएटरला लागतात, आणि पाण्याखालचा धोंडा ताशी तीसने डिफला लागला तर ऑइल ओढ्यात. फोटो छान येतो, एवढं मान्य.

---

खाडीकाठची (ऐरोली)

खूप आभार. फरशी मोजली, ४१ सेंमी भरली. ब्रीदरच्या नळ्या सापडल्या, मागच्याची टोपी मातीने चिकटली होती.

म्हणजे हबपर्यंत पाणी असेल तर जायचं, नाहीतर परत. मग थार पुढे, मी मागे, हे ठीक आहे ना? आणि दोर?

---

शॅकल_सैल (डोंबिवली)

नाही, उलट करा. जिम्नी पुढे.

थार पुढे गेली आणि मधे बसली, तर पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी तुमच्या सव्वा टनाच्या गाडीने ओढायची, तीही ओल्या काठावरून. चाकं काठ खणतील, बाकी काही होणार नाही. जिम्नी पुढे गेली तर थार अलीकडच्या काठावर कोरड्यात उभी, आणि तुम्ही ज्या चाकोरीने गेलात त्याच चाकोरीने मागे ओढायचं, म्हणजे तळ ओळखीचा. शिवाय थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, एक चाक खड्ड्यात गेलं की पुढची पोटाची उंची कमी होते. जिम्नीला दोन्हीकडे सलग ॲक्सल, डिफचा गोळा जमिनीपासून जेवढा वर तेवढाच राहतो, २१० मिमी. फक्त तो मधोमध नाही, एका बाजूला आहे. वाकून कुठल्या बाजूला ते बघून ठेवा आणि मोठा गोटा आला तर त्यावर टायर चढवा, पोटाखाली घेऊ नका.

दोर पाण्यात उतरण्याआधीच बांधायचा. मागच्या रिकव्हरी पॉइंटला (गाडी ओढायच्या कड्याला) शॅकल (पिन लावून बंद होणारी कडी) लावून दोराचं टोक मागच्या स्पेअर व्हीलवर गुंडाळून ठेवा. कंबरभर नाही, नडगीभर पाण्यातसुद्धा गढूळ तळात वाकून शॅकल लावणं म्हणजे बोटं चेमटवून घेणं.

कायनेटिक (रबरासारखा ताणणारा) दोर नऊ मीटरचा मिळतो, तुमचं पात्रच नऊ ते बारा मीटर. म्हणून जोडीला वीस मीटरचा साधा, न ताणणारा पट्टा घ्या. दोन्ही जोडताना मधे लोखंडी शॅकल कधीही नको, तुटलं तर ते गोळीसारखं काचेत येतं. दोन्ही फासे एकमेकांतून ओवा, मधे जाड काठी किंवा गुंडाळलेलं वर्तमानपत्र घाला म्हणजे नंतर सुटतात. किंवा सॉफ्ट शॅकल (दोराचीच कडी). दोराची तुटण्याची ताकद जड गाडीच्या वजनाच्या किमान तिप्पट असावी. लोखंडी बो-शॅकल ४.७५ टनांचे, दोन पुरतात. पिन हाताने पूर्ण घट्ट करून पाव फेरा सैल सोडा, नाहीतर ताण आल्यावर उघडतच नाही. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) काही बांधू नका. गाडी ट्रकवर बांधायला दिलेल्या पत्र्याच्या कड्यांनाही नाही.

ओढताना दोराच्या रेषेत आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात माणूस नको. पाण्यातल्या गाडीला दोर लावणारा प्रवाहाच्या वरच्या अंगाने जाईल, खालच्या अंगाने नाही. गाडी सरकली तर अंगावर यायला नको. पाण्यात जाताना काचा खाली, सेंट्रल लॉक उघडं, मुलं आणि बाकी मंडळी आधीच काठावर उतरवलेली.

दुसरी गाडी पहिली पूर्ण बाहेर पडेपर्यंत पाण्यात घालायची नाही. आणि पहिल्या गाडीच्या अंगावरून निथळलेल्या पाण्याने पलीकडची चढण निसरडी होते. दुसऱ्याला ती वेगळी वाट वाटेल.

---

शिवारातला (मुरबाड)

वरच्या सगळ्यांनी गाडीचं सांगितलं, मी ओढ्याचं सांगतो.

मुंबई-ठाण्यातून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर महिनाभराने पाणी ओसरून नितळ होतं. पण नितळ झालं की ऊन तळाला लागतं आणि गोट्यांवर शेवाळ धरतं. पावसाळ्यातले गोटे घासून स्वच्छ असतात, नोव्हेंबरचे साबणासारखे. पायी मोजायला सँडल घालून उतरू नका, खेटर निसटेल तुमचं. जुने बूट आणि छातीएवढी काठी.

अवकाळीचा अंदाज बघा, आणि तो ठाण्याचा नको, घाटमाथ्याचा. पाऊस माळशेजवर पडतो आणि खाली ऊन असताना ओढा चढतो. हवामान खात्याचा पिवळा इशारा असला तरी त्या दिवशी ओढ्याकडे फिरकू नका. पाण्यात असताना खूण अशी: नितळ पाणी अचानक चहाच्या रंगाचं झालं, पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, आवाज जाड झाला. पहिला उतार ओलांडून गेलात आणि तिसऱ्याशी असं दिसलं तर तिथेच उंचावर थांबा, कारण मागचा पहिलाही तोवर चढलेला असतो. म्हणून पहिल्या उताराशी एका गोट्यावर पाण्याच्या रेषेला खूण करून जावं, परतताना फरक दिसतो.

रेती उपशाचे खड्डे हा या बाजूचा वेगळा त्रास. वरून सपाट वाळू, मधेच पुरुषभर खड्डा, कडा ढासळणाऱ्या. ट्रॅक्टरची ताजी चाकोरी आहे म्हणून तिच्यातून जायचं असं नाही. ती पलीकडच्या काठावर चढते आहे का बघा. पात्रात जाऊन तिथेच वळली असेल तर तो रेतीवाला.

फरशी पूल लागला आणि वरून पाणी वाहत असेल, चार बोटं का असेना, तर थांबा. कडा दिसत नाही आणि मधला एखादा तुकडा वाहून गेलेला असू शकतो.

शेवटचं, त्या दिवसांत भात कापणी-झोडणीची कामं चालू असतात. बांधावरून गाडी घालू नका, बांध फुटला की पुढच्या वर्षी खाचरात पाणी ठरत नाही. वाट कुणाच्या खळ्यातून जात असेल तर उतरून विचारा, कुणी नाही म्हणत नाही. जिथे बाया कपडे धुतात, हंडे भरतात तो पाणवठा, त्याच्या वरच्या अंगाला गाडी पाण्यात नको. आणि वनखात्याची पाटी किंवा दगडी खूण दिसली तर वाट कितीही रुंद असली तरी परवान्याशिवाय आत नाही.

---

खाडीकाठची (ऐरोली)

जिम्नी पुढे, ठरलं. स्नॉर्कल रद्द. त्या पैशांत दोर, पट्टा आणि कंप्रेसर. परत आल्यावर काय काय बघायचं?

---

पाना_नंबर_चौदा (रबाळे)

काही गोष्टी तिथेच, घरी येईपर्यंत थांबू नका.

प्रत्येक उतारानंतर पन्नास-शंभर मीटर हलका ब्रेक दाबत चला. मागे दोन्ही गाड्यांना ड्रम ब्रेक आहेत, त्यात पाणी आणि बारीक रेती अडकते, पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. हँडब्रेक ओढून-सोडून बघा. डांबरावर येण्याआधी टू-एच. या गाड्यांना मधला डिफ नाही, कोरड्या रस्त्यावर फोर-एच ठेवलं तर वळताना ट्रान्समिशन आवळतं. हवा भरा, टायरच्या आतल्या बाजूच्या भिंती हाताने चाचपा. बाहेरचा काप दिसतो, आतला पुण्याला जाताना कळतो.

दुसऱ्या दिवशी: रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या जाळीतली माती साध्या नळाच्या पाण्याने, आतून बाहेर. प्रेशर वॉशर जवळ धरला की पट्ट्या वाकतात. मागचे ड्रम काढून साफ करा. रेती राहिली तर ब्रेक शू जातात आणि खरखर ऐकू येईपर्यंत ड्रमही जातो. प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला ग्रीस निपल असेल तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं मारा. कार्पेट उचलून खाली हात फिरवा, ओलं असेल तर उन्हात. तसंच दाबून ठेवलं तर वास महिनाभर जात नाही, आणि वायरिंगचे जोड त्याच ओलीत बसलेले असतात.

डिफ: गाडी रात्रभर उभी राहू द्या, पाणी तळाला बसतं. सकाळी गाडी न हलवता ड्रेन बोल्ट किंचित सैल करून चमचाभर बाहेर घ्या. आधी स्वच्छ पाणी आलं किंवा तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पूर्ण बदला, मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच. काळपट-सोनेरी असेल तर बोल्ट आवळून सोडून द्या. पण ड्रेनला पाना लावण्याआधी वरचा फिलर बोल्ट उघडून बघा. तो जाम निघाला आणि खालून तेल आधीच काढलेलं असेल, तर रिकाम्या डिफची गाडी रबाळ्यापर्यंत टोइंगने आणावी लागेल.